तीन मयतं, एक अर्ज

आमच्या घरची तीन माणसं एका वर्षात गेली. पौषात खळ्यावर बैल फिरवून धानाचं चुरणं चालू होतं, बाबा छातीवर हात ठेवून तणसाच्या ढिगाला टेकले ते तसेच राहिले. वैशाखात दादा गेला. तो वरोऱ्याला जिनिंगमध्ये कापूस खरेदीच्या कामावर होता. तिथंच त्यानं लहानसं घर आणि थोडी काळी जमीन घेतली होती. मुदतीच्या तापानं त्याला उचललं. आणि भाद्रपदात आई.

मी तेव्हा नागभीडला मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. लग्न झालेलं नव्हतं, आणि त्या काळात पंचविशीकडं झुकलेली बिनलग्नाची मुलगी म्हणजे गावाच्या नजरेत अर्धवट टाकून दिलेलं काम. दादाच्या मागे वहिनी होती, माझ्याहून लहान, मूलबाळ नाही. आणि बाबांच्या मागे त्यांचा धाकटा भाऊ होता, आमचे काकाजी.

काकाजी वाईट माणूस होते असं मी आजही म्हणणार नाही. लहानपणी जत्रेत त्यांनी मला खांद्यावर बसवून फिरवलेलं आहे. बाबा आणि ते फार आधी वेगळे झाले होते, बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, वाटून घेतल्या होत्या, पण सणावाराला ताट एकत्रच. फक्त एक गोष्ट त्यांच्या डोक्यात पक्की बसली होती. जमीन पुरुषाच्या हाती राहिली पाहिजे, बाईच्या हाती गेली की ती दुसऱ्याच्या घरी जाते. त्यापायी त्यांनी जे केलं ते त्यांना लबाडी वाटलंही नसेल. मला वाटली, आणि मी ती चालू दिली नाही.

आईपासून सांगते, कारण भांडण तिथं सुरू झालं. दादा गेल्यावर आईला आमचं घर बघवेना. ती तिच्या माहेरी गेली, वैनगंगेच्या पलीकडं, गडचिरोलीच्या बाजूला जंगलाला लागून असलेल्या गावात. तिला भाऊ नव्हता, म्हणून आजोबांनी बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाण्याखालच्या थोड्या बांध्या तिच्याच नावानं करून दिल्या होत्या. वहिनी आणि मी तिच्यासोबत होतो. पोळा झाला, पाऊस थांबेना, आणि आईनं अन्न सोडलं. ती गेली त्या सकाळी नदी दोन्ही थड्या भरून वाहत होती. डोंगे बंद होते. काकाजींना निरोप गेला होता, ते अलीकडच्या काठापर्यंत येऊन अडकून पडले.

गावातले जाणते म्हणाले, पाणी उतरेपर्यंत थांबू, अग्नी देणारा माणूस यायला हवा. मी म्हटलं, माणूस इथं आहे. मग मीच मडकं उचललं. वहिनी माझ्या मागोमाग चालत आली, डोक्यावरून पदर घेऊन, खाली न बघता. जवळच्या टोल्यावरच्या, वस्तीवरच्या, गोंड बायांनी आपल्या छपराखालून कोरडी लाकडं आणून टाकली आणि आम्हाला काही विचारलं नाही. आईला अग्नी मी दिला.

पाणी उतरल्यावर काकाजी आले. बसले, रडले, आणि मग मला म्हणाले, "हे तू बरं नाई केलं, पोरी. अग्नीचा हक माझा होता." मला तेव्हा वाटलं, ते धर्माचं बोलताहेत. ते जमिनीचं बोलत होते हे पुढं कळलं.

आई गेल्यावर वहिनी नागभीडला माझ्याकडंच राहायला आली. दिवाळीनंतर कोर्टाचा बेलीफ शाळेच्या दारात उभा राहिला. काकाजींनी वारसाचा दाखला मागितला होता, आणि तोही एक नव्हे. बाबांच्या शेतीसाठी ब्रह्मपुरीच्या कोर्टात एक अर्ज. दादाच्या घरासाठी आणि काळ्या जमिनीसाठी वरोऱ्याला दुसरा. आईच्या बांध्यांसाठी गडचिरोलीला तिसरा. ज्याची मिळकत जिथं, तिथं त्याचा अर्ज, असं त्यांच्या वकिलाचं म्हणणं. ऐकायला सरळ वाटायचं.

मी तिन्ही अर्जांच्या नकला आणून एका ओळीत मांडून वाचल्या. ब्रह्मपुरीत लिहिलं होतं की मयताला मुलगा हयात नाही, मुलगी बिनलग्नाची आहे, तिचं लग्न आणि पोटाची सोय अर्जदार करील. वरोऱ्यात लिहिलं होतं की मयताला मूल नाही, बाप नाही, बायको तिच्या माहेरी असते. गडचिरोलीत लिहिलं होतं की मयत बाईला नवरा नाही, मुलगा नाही, म्हणून नवऱ्याचा भाऊ तेवढा उरला. खोटं म्हणावं असं फार थोडं होतं त्यांत. पण बाबा गेले तेव्हा दादा जिवंत होता हे ब्रह्मपुरीच्या कागदात नव्हतं. दादा गेला तेव्हा आई जिवंत होती हे वरोऱ्याच्या कागदात नव्हतं. आणि गडचिरोलीच्या कागदात मी नव्हतेच. ज्या बाईला मी अग्नी दिला तिची मी कुणीच नव्हते.

पेश्या सुरू झाल्या. ब्रह्मपुरीची आणि वरोऱ्याची तारीख एकदा एकाच दिवशी आली, मग पुन्हा आली. मी ब्रह्मपुरीला जायची, वहिनी एकटी छोट्या गाडीनं जिल्ह्याच्या गावी चांद्याला आणि तिथून मोठ्या गाडीनं वरोऱ्याला. तिला वाचता येत नव्हतं. कोर्टाच्या ओट्यावर ती दिवसभर बसून राहायची, पुकारा कधी होईल म्हणून पाणी प्यायलाही उठायची नाही. गडचिरोलीला नदी ओलांडून जायचं, तिथं पोचावं तर साहेब दौऱ्यावर. शाळेतली माझी रजा संपत आली. हेडबाईंनी एकदा बोलावून विचारलं की नोकरी करायची आहे की कोर्ट. मी म्हटलं, दोन्ही.

त्या हिवाळ्यात एका संध्याकाळी वहिनी वरोऱ्याहून परतली. मी भात टाकला होता. ती चुलीपाशी बसली. मग तिनं सांगितलं की काकाजींचे वकील तिला ओट्यावर येऊन भेटले. गोड बोलले. म्हणाले, तू एवढंच सांग की सासऱ्याची सगळी शेती तुझ्या नवऱ्याकडं आली होती, सासूचा त्यात वाटा नव्हता. म्हणजे ती सगळी तुझी ठरेल, मग काकाजी आणि तू आपसात बघून घ्या. नणंदेला कशाला मध्ये घेतेस, ती उद्या लग्न करून जाईल.

मी हातातली पळी खाली ठेवली. कारण आदल्याच पेशीला ब्रह्मपुरीत त्याच वकिलांचे कारकून मला भेटले होते. त्यांनी मला सांगितलं होतं की भाऊ वरोऱ्याला गेला तेव्हाच त्यानं गावातल्या शेतीचा वाटा सोडला होता, असं सांगा. म्हणजे सगळं आईचं ठरेल, आणि आईचं ते तुमचं. वहिनीला मध्ये कशाला घेता, ती उद्या पाट लावून जाईल.

हे मी वहिनीला सांगितलं. तिनं माझ्याकडं बघितलं, आणि त्या वर्षात पहिल्यांदा ती हसली, पण ते हसणं चांगलं नव्हतं. ती म्हणाली, "म्हणजे बाई, मी तुमाले खोटं पाडावं, तुमी मले खोटं पाडावं, अन् खरे तेवढे काकाजी."

अगदी तेच होतं. तिनं तिकडं एक बोलायचं, मी इकडं दुसरं बोलायचं, आणि दोन्ही जबान्या एकमेकींना खाऊन टाकणार. म्हणून तर तीन अर्ज तीन गावांत होते. आम्ही दोघी एका कोर्टात एका वेळी उभ्या राहायला नको, असाच तो डाव होता. भात करपला तो तसाच खाल्ला आणि त्याच चुलीपाशी ठरवलं की कायदा कुणाला काय देईल ते देवो, बाबांचं, दादाचं आणि आईचं सगळं एकत्र धरायचं आणि निम्मं तिचं, निम्मं माझं. यावर नंतर कधीच चर्चा झाली नाही.

चांद्याला एक म्हातारे वकील होते, त्यांची मुलगी माझ्याबरोबर ट्रेनिंगला होती. त्यांच्याकडं गेलो. मी म्हटलं, हे तिन्ही अर्ज जिल्हा कोर्टात एकत्र आणून एकदमच चालवायला सांगा. त्यांनी सुपारी कातरता कातरता तिन्ही नकला वाचल्या आणि मान हलवली. ते म्हणाले, "तीन मयतं एका तिरडीवर कशी न्यायची, बाई?"

"तुम्ही तिरडी बांधा," मी म्हटलं. "खांदा आम्ही देतो."

मग त्यांनी अडकित्ता बाजूला ठेवला आणि समजावून सांगितलं. त्याच वर्षी, दादा गेल्यावर आणि आई जाण्याआधी, कायदा बदलला होता. आधी विधवेला नवऱ्याच्या जमिनीतला वाटा मिळायचा तो तिच्या हयातीपुरता, ती खाऊ शकत होती, पण ती तिची नव्हती. आता जी बाई आपला वाटा धरून बसली होती तिचा तो कायमचा झाला होता. बाबा गेले तेव्हा निम्मं दादाकडं आलं, निम्मं आईकडं. दादा गेला तेव्हा त्याचं वहिनीकडं आलं. नवा कायदा आला तेव्हा आई आणि वहिनी दोघी जिवंत होत्या, म्हणजे दोघींचं पक्कं झालं. मग आई गेली, तिचं मला. पण हे दिसायला तिन्ही मरणं एकामागोमाग एका नजरेसमोर यायला हवीत. सुटी सुटी बघितली तर प्रत्येक ठिकाणी काकाजीच उरतात.

एक अडचण त्यांनी काढली. माझं आणि वहिनीचं हित वेगळं, म्हणून वकीलही वेगळे हवेत. आईच्या माहेरच्या बांध्या तर सरळ माझ्या एकटीच्या होत्या, मी त्या का वाटते आहे याचा मी नीट विचार करावा, असं ते मला बाजूला घेऊन म्हणाले. मी त्यांना म्हटलं, हे वहिनीसमोर बोला. त्यांनी पुन्हा वहिनीसमोर सांगितलं. वहिनी म्हणाली, बाई म्हणतात तसंच.

अर्ज गेला. विरुद्ध बाजूच्या वकिलांनी जोरात हरकत घेतली. तीन मयत, तीन मिळकती, तीन तालुके, हे एकत्र करायला ही काय एका घरातली भांडी आहेत, असं काहीसं ते इंग्रजीत म्हणाले, आमच्या वकिलांनी मला नंतर सांगितलं. मग ते म्हणाले की या दोन बायांत आपसातच वाद आहे, यांचा एक अर्ज होऊच शकत नाही.

जज्जसाहेब नवीन होते. आमचा जिल्हा तेव्हा नुकताच मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला होता, साहेब पुण्याकडून बदलून आलेले, त्यांना आमची बोली थांबून ऐकावी लागायची. त्यांनी वहिनीलाच विचारलं की तुमचा नणंदेशी काय वाद आहे.

वहिनीनं पदर सावरला. कोर्टात ती पहिल्यांदाच मोठ्यानं बोलत होती. "आमचा झगडा नाई, साहेब. झगडाच नाई तं दोन वकील कायले?"

साहेबांनी मला विचारलं की एकत्र धरून वाटल्यानं तुमचं नुकसान होतं हे तुम्हाला कळतं का. मी म्हटलं, कळतं. त्यांनी लिहून घेतलं. तिन्ही अर्ज चांद्याला मागवून एकत्र चालवावेत, असा हुकूम पुढच्या पेशीला झाला. काकाजी बाहेर व्हरांड्यात आमच्याजवळून गेले. त्यांनी वहिनीकडं बघितलं नाही. मला ते म्हणाले की शिकवलं ती चूकच झाली. मी म्हटलं, मला बाबांनी शिकवलं, त्यांना विचारा.

साक्षी उन्हाळ्यात झाल्या. चांद्याचा उन्हाळा काय असतो ते तिथल्या माणसाला सांगायला नको. पंखा ओढणारा झोपायचा, साहेब कपाळ पुसत राहायचे. त्यांच्या वकिलांनी मला कठड्यात उभं करून बराच वेळ आईच्या शेवटच्या दिवसांविषयी विचारलं. मग एकदम विचारलं की अग्नी कोणी दिला.

"मी."

कोर्टात कुजबुज झाली. त्यांनी विचारलं की घरात पुरुष वारस असताना, तो नदीच्या काठापर्यंत आलेला असताना, एका मुलीनं अग्नी देणं हे मला योग्य वाटलं का. मी म्हटलं, आई वाट बघत पडून राहणं मला योग्य वाटलं नाही. ते म्हणाले, म्हणजे तेव्हापासूनच जमिनीवर डोळा होता. मला राग आला, पण रडू आलं नाही. मी म्हटलं, "जमिनीवर डोळा असता तर तो मी एकटीनं ठेवला असता. वहिनीला बरोबर घेतलं नसतं." साहेब हे ऐकून लिहायचे थांबले आणि पुन्हा लिहू लागले.

मग काकाजी उभे राहिले. त्यांनी पांढरा फेटा बांधला होता. त्यांच्या वकिलांनी जे विचारायचं ते विचारलं. आमचे वकील उठले. मला वाटलं होतं ते खूप प्रश्न विचारतील, पण त्यांनी अगदी थोडे विचारले. तुमचे भाऊ गेले तेव्हा त्यांचा मुलगा जिवंत होता का. काकाजी म्हणाले, होता. तो मुलगा गेला तेव्हा त्याची बायको आणि आई जिवंत होत्या का. होत्या. नवा कायदा झाला तेव्हा. तेव्हाही होत्या. आणि ती आई गेली तेव्हा तिची मुलगी.

काकाजींनी माझ्याकडं बघितलं. माझा चेहरा बाबांवर गेला आहे असं सगळे म्हणायचे. खोटं बोलायला त्यांना जागा नव्हती, आणि मला वाटतं, त्या क्षणी त्यांना बोलायचंही नव्हतं. ते म्हणाले, "हे काय, उभी आहे." वकिलांनी पुढं काही विचारलं नाही, ते बसले.

निकाल आमच्या बाजूनं लागला. वहिनी आणि मी, दोघींच्या नावानं. आमच्या वकिलांनी सुपारी दिली ती मी पहिली आणि शेवटची खाल्ली.

गावानं मात्र आम्हाला सोडलं नाही. त्या पावसाळ्यात रोवण्याला, म्हणजे भातलावणीला, गावातली एकही मजूर बाई आमच्या बांधीत उतरली नाही. कुणी सांगितलं होतं हे विचारायची गरज नव्हती. पऱ्हे, लावणीची रोपं, पिवळी पडायला लागली. मी शाळेला सुट्टी टाकली, वहिनीनं साडीचा काचा मारला, आणि आम्ही दोघी चिखलात उतरलो. मला रोवता नीट येत नव्हतं, माझ्या ओळी वाकड्या यायच्या, वहिनी मागून येऊन सरळ करायची आणि बोलायची की बाई, हे फळ्यावरचं नाई. दुपारी आईच्या माहेरच्या टोल्यावरून बाया आल्या. त्या दरवर्षी रोवण्यासाठी नदी ओलांडून या बाजूला यायच्याच, या वर्षी आमच्याकडं आधी आल्या, इतकंच. धान लागलं. वाकडं, पण लागलं.

दोन-तीन वर्षांनी वहिनीसाठी ब्रह्मपुरीकडचं एक स्थळ आलं. माणूस विधुर, लाकडाच्या डेपोत नोकरीला, शांत. वहिनीला तो आवडला होता हे मला ती भांडी जोरात घासायला लागली तेव्हाच कळलं. तिनं विचारलं नाही, मीच म्हटलं की हो म्हणून टाक. ती म्हणाली, मग माझ्या नावची बांधी तुमच्या नावावर करून देते, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, लोक आधीच म्हणून झालेत.

काकाजींनी निरोप पाठवला. अगदी हेच मी सांगत होतो, जमीन परक्याच्या घरी चालली, अजूनही तिच्याकडून लिहून घे. नातेवाईकांपैकी एकानं तर असंही सुचवलं की तिनं दुसरं घर केलं की तिचा हक्क गेला, कोर्टात पुन्हा जा, या वेळी तू जिंकशील. मी पुन्हा चांद्याला गेले, वकिलांना विचारलं. त्यांनी सांगितलं की एकदा तिची झाली ती तिची झाली, ती कुणाशीही लग्न करो. मी म्हटलं, मला हे माहीत होतं, फक्त तुमच्या तोंडून ऐकायचं होतं, म्हणजे गावाला सांगता येईल. आणि मी ते गावाला सांगितलं, चावडीसमोर, सगळे बसलेले असताना.

विधवेचा पाट आमच्याकडं अंधार पडल्यावर, मागच्या दारी लावायची रीत होती. सवाष्णींनी तिथं यायचं नाही, तोंड बघायचं नाही. मी तो सकाळी लावला, पुढच्या अंगणात, रस्त्यावरून जाणाऱ्यांना दिसेल असा. सडा घातला, रांगोळी घातली. भटजी आले नाहीत, तर शाळेतल्या हेडबाईंनी अक्षता टाकल्या. वहिनी लाल साडी नेसली होती आणि सारखी आत पळत होती, मी तिला सारखी बाहेर आणत होते.

काकाजी आले नाहीत. त्यांच्या घरून काकू आल्या, सवाष्ण असूनही, एकट्या, भर उन्हात गाव ओलांडून. त्यांनी वहिनीला कुंकू लावलं, पंगतीत बसून जेवल्या, भात पुन्हा मागून घेतला, आणि ज्या वाटेनं आल्या त्याच वाटेनं परत गेल्या.